चौथा क्रमांक आणि विश्वचषकाचे दार: बर्म्युडाच्या क्रिकेटची गोष्ट

१९ मार्च २००७ रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यात भारताच्या डावाचे दुसरे षटक टाकायला बर्म्युडाचा मलाकाय जोन्स हा सतरा वर्षांचा मुलगा आला. त्याच्या पहिल्याच चेंडूने रॉबिन उथप्पाच्या बॅटची कड घेतली आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्या ड्वेन लेव्हरॉकने उजवीकडे झेप घेऊन तो झेल एका हाताने टिपला. सव्वाशे किलोंच्या आसपास वजन असलेला हा डावखुरा फिरकीपटू पोटापाण्यासाठी पोलीस खात्यात नोकरी करत होता. झेल घेतल्यावर तो उठला आणि सहकाऱ्यांच्या हाती न लागता मैदानभर धावत सुटला. जोन्सच्या डोळ्यांत पाणी आले. धावफलकावर भारत १ बाद ३ असा होता.

हा झेल आपल्याकडे बहुतेकांच्या लक्षात आहे, आणि त्यानंतर भारताने ५ बाद ४१३ धावा करून तो सामना २५७ धावांनी जिंकला हेही लक्षात आहे. मात्र मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षा कितीतरी लहान, सुमारे चौसष्ट हजार वस्तीचे एक बेट त्या मैदानावर स्वतंत्र राष्ट्रीय संघ म्हणून कसे पोहोचले आणि त्यानंतर ते विश्वचषकात पुन्हा का दिसले नाही, हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. त्याचे उत्तर खेळाडूंच्या कुवतीत काही अंशी सापडते. त्याहून मोठा भाग मात्र आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, म्हणजे आयसीसीच्या नियमांत आहे, आणि ते नियम समजून घेतल्याशिवाय कोणत्याही छोट्या संघाची वाटचाल नीट कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅरिबियन बेटे एकत्र, बर्म्युडा एकटा

पहिला गोंधळ भूगोलाचा आहे. बर्म्युडाचे नाव घेतले की ते वेस्ट इंडिजमधलेच एखादे बेट असावे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात बर्म्युडा कॅरिबियन समुद्रात नाही. उत्तर अटलांटिक महासागरात, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर तो एकटाच आहे. आपण सोयीसाठी त्याला बेट म्हणतो, पण तो अनेक लहान बेटांचा पुंजका आहे आणि त्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस किलोमीटर भरते. तो स्वतंत्र देशही नाही. ब्रिटनच्या अधिपत्याखालील, पण अंतर्गत कारभार स्वतः पाहणारा तो प्रदेश आहे.

वेस्ट इंडिज हा एका देशाचा संघ नाही, हे आपल्याला ठाऊक असते, पण त्याचा अर्थ आपण क्वचितच लक्षात घेतो. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, गयाना आणि लीवर्ड व विंडवर्ड द्वीपसमूह यांच्या क्रिकेट मंडळांनी मिळून तो संघ बनतो. हे सगळे आपापल्या ठिकाणी वेगळे आहेत, राष्ट्रगीते वेगळी आहेत, पण क्रिकेटमध्ये ते एका झेंड्याखाली येतात. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत मात्र प्रत्येकाला स्वतःच्या नावाने उतरावे लागते. म्हणूनच १९९८ मध्ये क्वालालंपूरच्या स्पर्धेत क्रिकेटचा समावेश झाला तेव्हा भारताच्या गटात अँटिग्वा व बार्बुडा हा संघ होता आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला बार्बाडोसचा महिला संघ खेळला. बर्म्युडा या वेस्ट इंडिजच्या एकत्र व्यवस्थेत नाही. १९६६ साली तो स्वतःच्या नावाने आयसीसीचा सहयोगी सदस्य झाला आणि त्याचे क्रिकेट तेव्हापासून स्वतःच्याच पायांवर उभे आहे. यात मान आहे, पण किंमतही आहे. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या गुणी मुलापुढे कसोटी क्रिकेटचा रस्ता जन्मापासून खुला असतो. बर्म्युडातल्या मुलाला तो रस्ता परक्या देशातून शोधावा लागतो.

दर्जा म्हणजे नेमके काय

आता सगळ्यात महत्त्वाच्या, आणि वृत्तपत्रांतून सहसा न उलगडलेल्या शब्दाकडे वळू. तो शब्द म्हणजे ‘दर्जा’.

दोन राष्ट्रीय संघ मैदानात उतरले की तो सामना आपोआप आंतरराष्ट्रीय होत नाही. भारत, इंग्लंड, वेस्ट इंडिज असे आयसीसीचे बारा पूर्ण सदस्य आहेत. त्यांचे आपसांतले कसोटी, एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० सामने अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने म्हणून नोंदले जातात. त्यांच्याखाली नव्वदहून अधिक सहयोगी सदस्य आहेत. हे सहयोगी संघ पन्नास षटकांचा सामना खेळले तरी त्यांच्यापैकी मोजक्याच संघांच्या सामन्यांना एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना म्हणतात. बाकीच्यांच्या धावा आणि बळी आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या वहीत चढतच नाहीत. हा जो परवाना मिळतो तो दर्जा. पूर्ण सदस्यांचा दर्जा मालकीच्या घरासारखा असतो: संघ कितीही हरला तरी घर सुटत नाही. सहयोगी सदस्यांचा दर्जा मात्र भाडेकरारासारखा असतो, ज्याची मुदत एका पात्रता स्पर्धेपासून पुढच्या पात्रता स्पर्धेपर्यंत असते, आणि त्या स्पर्धेत ठरलेल्या क्रमांकाच्या आत संघ आला नाही तर घर रिकामे करून पुढच्या भाडेकरूला द्यावे लागते.

२००६ साली हा एकदिवसीय दर्जा सहा सहयोगी संघांकडे होता. आज तो आठ संघांकडे असतो. ही संख्या कमी-जास्त करणे पूर्णपणे आयसीसीच्या हातात आहे, आणि बर्म्युडाचा इतिहास पाहिला तर त्या संघाच्या नशिबात धावांइतकाच वाटा या संख्येचाही आहे.

१९८२ साली इंग्लंडमध्ये झालेल्या आयसीसी करंडक स्पर्धेत बर्म्युडा अंतिम फेरीत पोहोचला. सहयोगी संघांसाठी विश्वचषकाचे दार म्हणजे ही स्पर्धा. अंतिम सामन्यात झिम्बाब्वेने बर्म्युडाला हरवले. त्या वेळी या स्पर्धेतून एकच संघ विश्वचषकाला जाणार होता, त्यामुळे झिम्बाब्वे १९८३ च्या विश्वचषकात खेळला. कपिलदेव यांनी टनब्रिज वेल्सला नाबाद १७५ धावा ज्या संघाविरुद्ध केल्या, तो हाच झिम्बाब्वे. उपविजेता बर्म्युडा घरी परतला. बारा वर्षांनी, १९९४ मध्ये, नैरोबीच्या स्पर्धेतून तीन संघांना विश्वचषकाचे तिकीट मिळणार होते. तिसऱ्या जागेसाठीच्या सामन्यात बर्म्युडाला नेदरलँड्सने हरवले आणि तो चौथा आला. १९९६ च्या विश्वचषकाला, जो आपल्या उपखंडात झाला, संयुक्त अरब अमिराती, केनिया आणि नेदरलँड्स हे संघ आले. बर्म्युडाला त्या तिघांच्या पाठोपाठ येऊनही घरीच राहावे लागले.

मग जुलै २००५ मध्ये आयर्लंडला झालेल्या स्पर्धेत बर्म्युडा पुन्हा चौथाच आला. स्कॉटलंड पहिला, आयर्लंड दुसरा, कॅनडा तिसरा. पण या वेळी विश्वचषकात सोळा संघ खेळणार होते, पहिल्या पाच संघांना प्रवेश मिळणार होता आणि त्याच पाच संघांना एकदिवसीय दर्जाही मिळणार होता. १९८२ चा दुसरा क्रमांक कवडीमोल ठरला, १९९४ चा चौथा क्रमांकही वाया गेला आणि २००५ च्या चौथ्या क्रमांकाने बेटाचे नाव जगभर नेले. छोट्या संघाच्या यशापयशाविषयी मत बनवताना त्या वेळी दारे किती उघडी होती हे आधी पाहिले पाहिजे, असे मी म्हणतो ते या तीन स्पर्धांमुळे.

बेटावरचे क्रिकेट

दर्जा मिळाल्यावर बर्म्युडाने पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना १७ मे २००६ रोजी कॅनडाविरुद्ध खेळला आणि जिंकला. त्याच वर्षी प्रिटोरियात नेदरलँड्सविरुद्धच्या प्रथम श्रेणी सामन्यात डेव्हिड हेंपने नाबाद २४७ धावांची खेळी केली. हेंपचा जन्म बर्म्युडाचा, पण त्याची कारकीर्द घडली ती इंग्लंड-वेल्सच्या कौंटी क्रिकेटमध्ये, ग्लॅमॉर्गन आणि वॉरविकशायरकडून. संघातले बाकीचे बहुतेक खेळाडू मात्र दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे होते. कोणाला दौऱ्यासाठी रजा मिळवावी लागे, कोणाला पगारावर पाणी सोडावे लागे. एखाद्या पूर्ण सदस्य देशाच्या राखीव खेळाडूलाही मंडळाचा करार असतो, फिजिओ असतो, वर्षभर गोलंदाजी करणारे सहकारी असतात. इथे कर्णधार अर्व्हिंग रोमेनपासून शेवटच्या फलंदाजापर्यंत बहुतेकांचे क्रिकेट नोकरीतून उरलेल्या वेळात चाले.

बेटाच्या आकाराच्या अडचणी वेगळ्याच आहेत. चौसष्ट हजारांतून स्त्रिया, मुले, वृद्ध आणि कामासाठी तात्पुरते आलेले परदेशी वगळले की खेळण्याच्या वयाचे पुरुष काही हजारच उरतात, आणि त्यांतल्या अनेकांना फुटबॉल जास्त जवळचा वाटतो. एकच खेळाडू उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल खेळतो, हे तिथे सर्रास दिसते. जमीन महाग आणि थोडी, त्यामुळे मैदाने मोजकी. शिवाय बर्म्युडात एकही नदी नाही. लोक घरांच्या पांढऱ्या, चुनखडीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या छपरांवर पडणारे पावसाचे पाणी घराखालच्या टाकीत साठवून वर्षभर वापरतात. जिथे पिण्याच्या पाण्याचा असा हिशेब असतो, तिथे खेळपट्टी आणि मैदान हिरवे ठेवणे हे किती कष्टाचे काम असेल याची कल्पना दुष्काळी भागातल्या आपल्या वाचकाला लगेच येईल.

इतके असूनही या बेटावर क्रिकेट टिकून आहे, आणि त्याचे कारण आयसीसीच्या कोणत्याही स्पर्धेत सापडत नाही. ते ‘कप मॅच’ या सामन्यात आहे. बेटाच्या पश्चिम टोकाचे सॉमरसेट आणि पूर्व टोकाचे सेंट जॉर्जेस यांच्यात १९०२ पासून दर वर्षी हा दोन दिवसांचा सामना होतो. १ ऑगस्ट १८३४ रोजी बर्म्युडातली गुलामगिरी संपली. त्या मुक्तीच्या स्मरणार्थ तिथल्या कृष्णवर्णीय समाजाच्या परस्पर-साहाय्य मंडळांनी जे मेळावे भरवले, त्यांतून या सामन्याची परंपरा जन्माला आली. आजही सामन्याचा पहिला दिवस मुक्तिदिन म्हणून, तर दुसरा दिवस मेरी प्रिन्स हिच्या नावाने सार्वजनिक सुट्टीचा असतो. मेरी प्रिन्स ही बर्म्युडात गुलामीत जन्मलेली स्त्री; तिने १८३१ मध्ये लंडनमध्ये आपली कहाणी प्रसिद्ध केली आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला बळ दिले. सामन्याच्या दिवसांत बेटाची दोन भागांत विभागणी होते: सॉमरसेटवाले लाल आणि गडद निळा रंग मिरवतात, सेंट जॉर्जेसवाले फिकट आणि गडद निळा. मैदानाभोवती तंबू पडतात, कुटुंबेच्या कुटुंबे दोन दिवस तिथेच जेवतात, आणि फाशांचा एक जुना जुगारही या दिवसांपुरता उघडपणे खेळला जातो.

या सामन्याला कोणताही आंतरराष्ट्रीय दर्जा नाही. तरीही तिथल्या मुलाला लहानपणी जो संघ गाठायचा असतो तो आधी सॉमरसेटचा किंवा सेंट जॉर्जेसचा असतो, आणि राष्ट्रीय संघ त्यानंतर येतो. आपल्याकडे एके काळी मुंबईच्या मुलासाठी कांगा लीग आणि क्लबची टोपी जे होते, त्याच्याशी याचे साम्य जाणवते. फरक इतकाच की मुंबईच्या टोपीपुढे रणजी आणि मग भारत असा चढता रस्ता होता, तर बर्म्युडात कप मॅचनंतर थेट समुद्र लागतो.

तीन सामने आणि धावगतीचा हिशेब

२००७ च्या विश्वचषकात बर्म्युडा भारत, श्रीलंका आणि बांगलादेश यांच्या गटात होता. प्रत्येक गटातून दोन संघ पुढे जाणार होते. पहिल्या सामन्यात श्रीलंकेच्या ३२१ धावांपुढे बर्म्युडाचा डाव ७८ धावांत आटोपला. दोन दिवसांनी बांगलादेशाने भारताला हरवले. आणि त्यानंतर दोन दिवसांनी भारत बर्म्युडापुढे उभा राहिला. त्या दिवशी वीरेंद्र सेहवागने ११४, सौरव गांगुलीने ८९, युवराजसिंगने ८३ आणि सचिन तेंडुलकरने २९ चेंडूंत नाबाद ५७ धावा केल्या. चारशेचा टप्पा ओलांडणारा तो विश्वचषकातला पहिला डाव होता.

भारताला त्या दिवशी नुसता विजय पुरणार नव्हता, मोठा विजय हवा होता. त्यामागे निव्वळ धावगती हे कारण आहे. दोन संघांचे गुण सारखे झाले तर कोण वरचढ हे ठरवण्यासाठी हे मोजमाप वापरतात. ते काढण्याची रीत अशी: संघाने सर्व सामने मिळून दर षटकाला सरासरी किती धावा केल्या हे काढायचे, त्याच्याविरुद्ध दर षटकाला किती धावा झाल्या हे काढायचे, आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. यात एक मेख आहे: संघ सर्वबाद झाला तर त्याने प्रत्यक्षात खेळलेली षटके न धरता पूर्ण पन्नास षटके धरतात. भारताने ५० षटकांत ४१३ धावा केल्या, म्हणजे षटकामागे ८.२६. बर्म्युडा १५६ धावांत सर्वबाद झाला, म्हणून १५६ ला ५० ने भागायचे, म्हणजे ३.१२. या एका सामन्यातून भारताच्या खात्यात ५.१४ चा फरक जमा झाला. छोटा संघ असा भरडला जातो तेव्हा समोरच्याची निर्दयता त्याला कारण असतेच असे नाही. गुणतक्त्याची रचनाच बलाढ्य संघाला अखेरच्या षटकापर्यंत थांबू देत नाही.

त्या धावांच्या पावसात हेंपने नाबाद ७६ धावा केल्या. त्याची चर्चा झेलाइतकी झाली नाही, याची मला आजही खंत वाटते.

पुढे जे घडले ते आपल्या वाचकांनी स्वतः अनुभवले आहे. २३ मार्चला भारत श्रीलंकेकडून हरला आणि दोन दिवस साऱ्या देशाचे डोळे बर्म्युडाकडे लागले. बर्म्युडाने बांगलादेशाला हरवले असते तर भारत, बांगलादेश आणि बर्म्युडा या तिघांचे प्रत्येकी दोन गुण झाले असते, आणि त्या ४१३ धावांच्या जोरावर भारताची निव्वळ धावगती सर्वांत चांगली असल्यामुळे तो पुढे गेला असता. २५ मार्चला पावसाने सामना २१ षटकांचा झाला. बर्म्युडाने ९ बाद ९४ धावा केल्या आणि बांगलादेशाने तो सामना सात गडी राखून जिंकला. ज्या संघाचा पराभव भारताने सहा दिवसांपूर्वी साजरा केला होता, त्याच संघाच्या विजयासाठी आपल्याकडे प्रार्थना होत होत्या. बेटावरच्या पोलीस, कामगार आणि कारकुनांच्या खांद्यांवर इतके ओझे त्यापूर्वी कधी आले नसेल.

करार संपतो

दोन वर्षांनी, एप्रिल २००९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत पुढची पात्रता स्पर्धा झाली. बर्म्युडा नववा आला. २०११ च्या विश्वचषकाची जागा गेली आणि त्याच बरोबर एकदिवसीय दर्जाही गेला. तीन वर्षांत ३५ सामने आणि त्यांत सात विजय, एवढी नोंद मागे राहिली, आणि ती आजही तिथेच थांबलेली आहे.

दर्जा गेल्यावर पैसा आटतो, पैसा आटला की दौरे कमी होतात, दौरे कमी झाले की खेळाडूंना चांगल्या गोलंदाजीची सवय राहत नाही, आणि मग पुढच्या पात्रता स्पर्धेत आणखी खालचा क्रमांक येतो. आयसीसीने तेव्हा विश्व क्रिकेट लीग नावाची श्रेणींची उतरंड बनवली होती, ज्यात वरचे संघ चढत आणि खालचे उतरत. बर्म्युडा दुसऱ्या श्रेणीतून तिसरीत आणि तिसरीतून चौथीत घसरला. याच उतरंडीच्या तळाकडून नेपाळ आणि अफगाणिस्तान वर चढून गेले, हेही तितकेच खरे आहे, त्यामुळे व्यवस्था केवळ अन्यायी होती असे म्हणता येणार नाही. पण नेपाळमागे तीन कोटी लोक आहेत. चौसष्ट हजारांच्या बेटावर खेळाडूंची एक पिढी एकाच वेळी निवृत्त झाली तर तिची जागा घ्यायला मागे रांग उभी नसते.

वरची दारेही याच काळात अरुंद झाली. २००७ मध्ये भारत आणि पाकिस्तान पहिल्याच फेरीत बाहेर पडल्याने प्रक्षेपण आणि जाहिरातींच्या व्यवसायाला मोठा धक्का बसला होता. पुढचे दोन विश्वचषक चौदा संघांचे झाले, तर २०१९ आणि २०२३ चे केवळ दहा संघांचे, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे भारताचे किमान नऊ सामने निश्चित. दहा संघांच्या विश्वचषकात बर्म्युडाच काय, २०२३ मध्ये दोनदा विश्वविजेता राहिलेला वेस्ट इंडिजसुद्धा मावला नाही. उत्पन्नाच्या वाटपाचे चित्र याहून वेगळे नाही: २०२४ ते २०२७ या काळासाठी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार आयसीसीच्या वाटपयोग्य उत्पन्नातला सुमारे ३८.५ टक्के हिस्सा एकट्या भारताच्या मंडळाला जातो आणि नव्वदहून अधिक सहयोगी सदस्यांना मिळून सुमारे ११ टक्के मिळतात. भारतीय प्रेक्षकच यातला बराचसा पैसा उभा करतो हे मान्य करूनही, ज्या खेळाला जगभर न्यायचे आहे त्याच्या घरची ही वाटणी मला योग्य वाटत नाही.

ट्वेंटी-२० ची नवी वाट

१ जानेवारी २०१९ पासून आयसीसीने एक मोठा बदल केला. पुरुषांच्या ट्वेंटी-२० प्रकारात सर्व सदस्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा देऊन टाकला. महिलांच्या सामन्यांना तो जुलै २०१८ पासूनच मिळाला होता. या प्रकारापुरता भाडेकरार संपला. त्यामुळे जर्सी, गर्नसी, व्हानुआतू, समोआ, कुक बेटे, इतकेच काय, दक्षिण अटलांटिकमधले सेंट हेलेना यांचेही सामने आज अधिकृत नोंदले जातात. याची दुसरी बाजू फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसली, जेव्हा आइल ऑफ मॅनचा संघ स्पेनविरुद्ध १० धावांत सर्वबाद झाला आणि स्पेनने ते लक्ष्य दोन चेंडूंत गाठले. अशा आकड्यांवर लोक हसतात. मला मात्र त्या नोंदीपेक्षा त्या बेटाला आता नोंदवहीत पान मिळाले ही गोष्ट मोठी वाटते.

ट्वेंटी-२० विश्वचषकाचा रस्ता मात्र अजूनही प्रादेशिक पात्रता फेरीतून जातो, आणि तिथे एकेका चेंडूची किंमत काय असते हे जुलै २०२५ मध्ये युरोपच्या फेरीत दिसले. इंग्लिश खाडीतल्या, लाखभर वस्तीच्या जर्सीने स्कॉटलंडला अखेरच्या चेंडूवर एक गडी राखून हरवले. त्याच दिवशी इटली नेदरलँड्सकडून हरला. जर्सी आणि इटली यांचे गुण सारखे झाले, पण निव्वळ धावगतीत इटली वरचढ ठरला आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी भारत-श्रीलंकेत येण्याचे तिकीट त्याला मिळाले. शेवटचा सामना जिंकलेले बेट घरी राहिले आणि हरलेला देश पुढे गेला.

कोणाला कोणत्या संघाकडून खेळता येते, याचेही नियम लहान संघांना महागात पडतात. खेळाडू त्या देशात जन्मलेला असावा, त्याच्याकडे तिथले नागरिकत्व असावे किंवा तो सलग तीन वर्षे तिथे राहत असावा, असा साधारण नियम आहे. पूर्ण सदस्याकडून खेळलेल्याला दुसऱ्या संघाकडे जायचे तर तीन वर्षे थांबावे लागते. सहयोगी संघातून पूर्ण सदस्याकडे जाणाऱ्याला मात्र अशी वाट पाहावी लागत नाही. डेलरे रॉलिन्स हा बर्म्युडात जन्मलेला डावखुरा फलंदाज शिक्षणासाठी इंग्लंडला गेला, ससेक्सकडून कौंटी खेळला, आणि २०१७ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या १९ वर्षांखालील संघातून भारत दौऱ्यावर आला तेव्हा मुंबई आणि नागपुरातही खेळून गेला. तो पुढे बर्म्युडाकडून खेळला हे बेटाचे भाग्य. पण त्याला घडवणारी खेळपट्टी बेटावर नव्हती, आणि असा खेळाडू परत येतो तेव्हा तो पात्रता स्पर्धेच्या काही दिवसांपुरता येतो.

अमेरिका खंडाच्या गटात बर्म्युडाच्या वाटेत उभा असतो तो कॅनडा, तोच संघ ज्याला हरवून बर्म्युडाने २००६ मध्ये सुरुवात केली होती. कॅनडात भारत, पाकिस्तान आणि कॅरिबियनमधून गेलेल्या कुटुंबांतून सतत खेळाडू मिळत राहतात. बर्म्युडाला तसा ओघ नाही. २०२३ च्या शरद ऋतूत ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या पात्रतेची अंतिम फेरी बर्म्युडातच झाली. केमन बेटे आणि पनामा हे इतर दोन संघ होते, एकच जागा होती, आणि घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात बर्म्युडासमोर कॅनडा होता. कॅनडा जिंकला. पुढच्या वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर त्याने विश्वचषकात आयर्लंडलाही हरवले. २०२५ मध्ये हीच फेरी कॅनडात झाली, जागा पुन्हा एकच होती, आणि तीही कॅनडाकडेच गेली.